गाणेकरांचे ठिपके

“त्याला आज बोलू नका, सर. आजचा ठिपका रेषेच्या आत हाय.”

कचेरीच्या दाराशी रुजू होण्याचं पत्र हातात धरून मी उभी होते, तेव्हा आतून हे वाक्य ऐकू आलं. मला त्याचा अर्थ लागला नाही. आत मुख्याध्यापक टेबलामागे उभे होते. त्यांच्यासमोर खाकी कपड्यातला एक माणूस मान खाली घालून उभा होता आणि दोघांच्या मधे, पंचाची जागा घ्यावी तसा, खाकी अर्धा कोट घातलेला एक बारकासा गृहस्थ होता. मुख्याध्यापक म्हणत होते की मुलं बारा मिनिटं उशिरा आली, घंटा झाली, प्रार्थना झाली, आणि तरी ड्रायव्हरला बोलायचं नाही म्हणजे काय?

“चौदापर्यंत न्हाय,” तो गृहस्थ म्हणाला. “चौदाच्या वर गेला तर मीच बोलेन.”

मान खाली घातलेला माणूस म्हणजे बसचा ड्रायव्हर इब्राहिम, आणि कोटवाले गाणेकर. शाळेत ते प्रयोगशाळेची कपाटं सांभाळायचे, रजिस्टरं लिहायचे आणि शाळेच्या बसकडे बघायचे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची होते. मुंबईला कॉन्व्हेंटमधे शिकलेली, त्यामुळे श्रीवर्धनच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मला लगेच घेतलं. त्या उन्हाळ्यात माझे वडील गेले होते. आई भावाकडे राहिली आणि मी दिवेआगरला मावशीकडे आले. मला त्या दिवसांत फारसं काही वाटत नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायची, बस आली की बसायची.

दिवेआगरला राहत असल्यामुळे मीही रोज शाळेच्या बसनंच यायची. ती बस गावच्या मुंबईकर मंडळानं दिलेली होती. जुनी, कुणीतरी वापरून सोडलेली. दिघीच्या बंदरावरून निघायची, वेळास, दिवेआगर, बोर्ली करत घाटी चढून श्रीवर्धनला नऊच्या घंटेला पोचायची, म्हणजे पोचायला हवी होती. मंडळाचं पत्र आलं होतं की बस रोज उशिराच येणार असेल तर ती ठेवण्यात अर्थ नाही, शिमग्याला गावी येऊ तेव्हा ठरवू. बस गेली असती तर चाळीसएक मुलं घरी बसली असती. त्यामुळे मुख्याध्यापक रोज सकाळी फाटकाशी घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि रोज इब्राहिमला बोलायचे.

गाणेकर मूळचे तालुक्यातल्याच एका डोंगराकडच्या गावचे, भातशेतीच्या घरातले. पोरवयात मुंबईला गिरणीत गेले आणि वीसेक वर्षं सुतात काढली. शेवटची काही वर्षं ते तपासणी खात्यात होते. तिथं कुणी शिकलेला साहेब आला होता, त्यानं दहा-बारा कामगारांना निवडून तक्ते काढायला शिकवलं. तासातासाला सूत वजन करायचं, आकड्याचा ठिपका आलेखाच्या कागदावर मारायचा, वर एक तांबडी रेष, खाली एक तांबडी रेष. मग गाणेकरांना छातीचा खोकला लागला, गिरणीतून निघावं लागलं आणि ते गावी आले. खोकल्याबरोबर त्यांनी आलेखाच्या कागदाचे दोन गठ्ठे आणि साहेबानं दिलेली एक चक्रमुद्रित इंग्रजी पुस्तिका आणली होती.

त्या पुस्तिकेमुळे आमची ओळख झाली. त्यांना इंग्रजी अक्षरं लागत, पण वाक्य लागत नसे. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेच्या मागच्या ओसरीवर एक परिच्छेद वाचायची आणि माझ्या अडखळत्या मराठीत सांगायची. ते तिथंच डबा खायचे, तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील. शिक्षकांच्या खोलीत तो डबा उघडलेला चालत नसे. हे कुणी बोललं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. मी आले की वास माझ्याकडे येऊ नये म्हणून ते वाऱ्याच्या खालच्या बाजूला सरकून बसायचे. मला सगळे ‘गाणेकर’ म्हणतात तसं म्हणता येईना, ते वडिलांच्या वयाचे होते. ‘काका’ म्हणायला जीभ उचलेना. म्हणून मी त्यांना कधी हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राहायची. ते म्हणायचे, “आलात? बसा.”

हाताला सूत लागलं की त्यांना राहवत नसे. टेबलावरचा पंचा, झेंड्याचं कापड, कुणाच्या उपरण्याचा सुटलेला धागा, ते दोन बोटांत फिरवायचे आणि सुताच्या जाडीचा नंबर सांगायचे. एकदा माझ्या मनगटावरचं घड्याळ त्यांच्या नजरेला पडलं. पुरुषी घड्याळ आहे म्हणाले. मी म्हटलं, वडिलांचं. त्यावर बाकीचे लोक पुढचं विचारतात, ते त्यांनी विचारलं नाही. “किती मागं पडतं?” एवढंच म्हणाले. मला माहीत नव्हतं. मग आठवडाभर ते रोज नऊला माझं घड्याळ बघून काहीतरी लिहून ठेवायचे. शनिवारी म्हणाले, “रोज दीड मिनिट मागं पडतं. पण सारखंच पडतं. म्हणजे चांगलं घड्याळ हाय.”

बसच्या कामाला त्यांनी सुरुवात केली ती मी रुजू व्हायच्या आधी, एक महिना काहीही न करता. फाटकाशी उभं राहून बस किती मिनिटं उशिरा आली ते लिहायचं आणि कचेरीच्या भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपका मारायचा, बस. मुख्याध्यापकांना ते असह्य व्हायचं. महिनाभर नुसतं बघत काय बसायचं, असं ते म्हणायचे. गणिताचे जोशी सर त्या तक्त्याला गाणेकरांची रांगोळी म्हणायचे. “काय गाणेकर, आज किती ठिपक्यांची?” असं रोज विचारायचे. गाणेकर हसून म्हणायचे, “एकच, सर. रोजचा एकच.”

महिन्यानं त्यांनी हिशेब करून दोन तांबड्या रेषा मारल्या. त्यांचं सगळं शास्त्र त्या दोन रेषांच्या आत होतं आणि ते त्यांनी मला एकदा समजावून दिलं. कारणं दोन जातीची असतात, एक हाती लागणारं आणि एक न लागणारं. घाटीत समोरून बैलगाडी आली, एका पोराची चप्पल राहिली, पहिला गिअर अडकला, अशी पन्नास बारकी कारणं रोज असतात. त्यातल्या कुठल्याही एकाला धरून उपयोग नसतो. ती गाडीची आणि रस्त्याची असतात, ड्रायव्हरची नसतात. ठिपका रेषेच्या आत असेल तर माणसाला बोलायचं नाही. रेषेबाहेर गेला की मात्र त्याच दिवशी, तिथल्या तिथं कारण शोधायचं. “उद्या शोधलं तर सापडत न्हाय, बाई. शिळं होतं.”

मुख्याध्यापकांनी बोलणं थांबवलं, ते पटून नव्हे, गाणेकर रोज मधे येऊन उभे राहायचे म्हणून. इब्राहिमचा स्वभाव त्या काळात बदलत गेला, हे मी त्याच्या मागच्या सीटवरून पाहिलं. पूर्वी तो घाटी उतरताना पुटपुटायचा. नंतर तो आपणहून सांगायला लागला, आज दिघीला इतका वेळ गेला, आज बोर्लीला इतका. गाणेकर वहीत टिपून घ्यायचे. मार खायची भीती नसली की माणूस खरा आकडा सांगतो, असं ते म्हणाले होते. गिरणीत त्यांनी ते उलट्या बाजूनंही पाहिलं असावं.

मोठं कारण सापडलं ते दिवाळीच्या आधी. ठिपके काही दिवस चढत, मग उतरत, मग परत चढत. जोशी सर म्हणाले, ही आता नागमोडी रांगोळी झाली. गाणेकर दोन दिवस तक्त्यासमोर उभे राहून खोकत होते. तिसऱ्या दिवशी ते घरून पंचांग घेऊन आले आणि प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात तिथी लिहीत गेले. सगळे उंच ठिपके पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत पडले होते.

मला कळलं नाही, पण कचेरीत पाणी द्यायला आलेली कोळीण शिपाईबाई तक्त्याकडे न बघताच म्हणाली, “मग त्यात काय? सकाळची सुकती असते ना.” त्या दिवसांत सकाळी सातच्या सुमाराला समुद्र पार ओसरलेला असतो. आगरदांड्याहून मुलांना घेऊन येणारी लाँच दिघीच्या धक्क्याला लागतच नसे. मुलं होडीतून, मग चिखलातून यायची आणि बस तोवर उभी. शाळेचं वेळापत्रक घड्याळाचं होतं आणि लाँचचं चंद्राचं. समुद्राकाठी जन्म काढलेल्या माणसांची ती शाळा, पण वेळापत्रक करताना ओहोटी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. इब्राहिमलाही माहीत होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, “रोज बोलणी खात होतो, सायब. त्यात दर्याचं नाव कुठं सांगू?”

गाणेकरांनी एवढंच केलं की त्या दिवसांत बसनं आधी वेळासची मुलं घ्यायची आणि मग वळून धक्क्यावर जायचं. पुढच्या अमावास्येला बस पाच मिनिटं उशिरा आली. त्यानंतर क्वचितच सातच्या वर गेली. त्यांनी जुन्या रेषा खोडल्या आणि नव्या, खाली, एकमेकींच्या जवळ मारल्या. त्या दिवशी जोशी सरांनी त्यांना शिक्षकांच्या खोलीत चहाला बोलावलं. ते दाराशी उभ्यानंच प्याले.

आता पुढचं सांगायचं म्हणजे मला माझंही सांगावं लागेल.

बोर्ली सोडल्यावर, घाटी लागायच्या आधी, रस्त्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिला खैराची वाडी म्हणत. तिथून पाच मुली यायच्या. त्यांतल्या तिघी माझ्या आठवीत होत्या. पहाटे पाणी भरायचं, ओढा ओलांडायचा, उतार उतरायचा, त्यामुळे त्या रस्त्याला लागेपर्यंत बसला दोन-तीन मिनिटं थांबावं लागायचं. माघात एके दिवशी बस तिथं थांबली नाही. इब्राहिमनं लांबून भोंगा वाजवला, पण वेग कमी केला नाही. मुली उतारावर होत्या, धावत होत्या. मला वाटलं आज त्याला घाई असेल.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर येऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आदल्या दिवशी आपल्यालाच उशीर झाला असं त्यांना वाटलं असणार. बस त्यांच्यासमोरून गेली. तारा धुमाळ नावाची मुलगी पुढे होती. तिनं हात वर केला आणि तो तसाच राहिला. इब्राहिम सरळ समोर बघत होता. मी आरशात त्याचे डोळे पाहिले आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

मी वर्गात गेल्यावर हजेरी घ्यायची. तारा धुमाळ म्हणायचं, कुणी ‘हजर’ म्हणत नसे, मी फुली मारायची. फुली मारायला फार काही लागत नाही. महिना संपेपर्यंत न कळवता गैरहजर राहिलेल्यांची यादी वर्गशिक्षकानं द्यायची आणि पटावरून नावं कमी व्हायची. यादी मीच देणार होते.

सातव्या दिवशी गाणेकर ओसरीवर डबा न उघडता बसले होते. तक्ता त्यांनी सोडवून मांडीवर घेतला होता. सगळे ठिपके ओळीनं दोन तांबड्या रेषांमधल्या सरासरीच्या रेषेखाली, एक-दोन मिनिटांवर. मी म्हटलं, चांगलं झालं की. ते म्हणाले, “सात ठिपके एका बाजूला आले की कारण शोधायचं. चांगल्या बाजूला आले तरी शोधायचं. गाडी तीच, रस्ता तोच. एवढं चांगलं आपोआप होत न्हाय.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “बाई, तुम्ही गाडीत असता. काय बदललं?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

त्यांनी पेन्सिल घेऊन तक्त्याच्या कडेला ‘कारण माहीत नाही’ असं लिहिलं. मी सांगितलं तसं. मग डबा उघडला.

दोन दिवसांनी ते सुट्टी टाकून खैराच्या वाडीवर चढून गेले. त्यांच्या छातीला तो चढ झेपणारा नव्हता. परत आल्यावर त्यांनी प्रत्येक ठिपक्याखाली ‘वाडीच्या पाच मुली सोडून’ असं लिहिलं आणि तक्ता परत भिंतीला लावला. मुख्याध्यापकांनी तो काढला. मी पलीकडे वह्या तपासत होते, मला सगळं ऐकू येत होतं. मुख्याध्यापक ओरडले नाहीत. ते थकलेल्या आवाजात म्हणाले की शिमगा चार दिवसांवर आला, मंडळाला तक्ता दाखवायचा, एकदा बस पक्की होऊ दे, मग वाडीचं बघू. पाच मुलींसाठी चाळीस मुलं घरी बसवायची का? वाडीला थांबू नको असं इब्राहिमला त्यांनीच सांगितलं होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. ती बस मिळवायला ते मुंबईला कितीदा गेले होते ते सगळ्यांना माहीत होतं.

गाणेकर म्हणाले, “वाडी धरून पाच मिनिटं उशीर होतो, सर. तेवढंच दाखवू. खरं हाय ते.”

मंडळाचे तिघे आले. शिक्षकांना मागं बसवलं होतं. अध्यक्ष मुंबईत कारखान्याच्या कामात असलेले, त्यांना तक्ता बघून फार आनंद झाला. आपल्या गावात हे शास्त्र, असं ते दोनदा म्हणाले. तक्त्यावरचं पेन्सिलीचं लिखाण कुणीतरी पुसलेलं होतं. गाणेकर उभे राहिले.

“साहेब, हे शेवटले ठिपके माझे न्हाईत. वाईट सूत बाजूला फेकलं की राहिलेलं चांगलं दिसतं. पाच मुली बाजूला टाकल्यात.”

मुख्याध्यापक म्हणाले की वाडीच्या मुली स्वतःच नियमित येत नाहीत, गाणेकरांची समजूत चुकली आहे. दोघांपैकी कुणाचं धरायचं, या विचारानं अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. तेव्हा जोशी सर, अगदी सहज, म्हणाले की या बाई रोज बसनं येतात, त्यांना विचारा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या मनात वाक्य होतं, इंग्रजीत होतं, ते मराठीत आलं, परत इंग्रजीत गेलं. मी मान हलवली. कशी हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. मुख्याध्यापकांनी तिचा हवा तो अर्थ घेतला.

“बाईंना कशाला मधे घेता,” गाणेकर म्हणाले आणि खाली बसले.

बस पक्की झाली. गाणेकरांकडून बसचं काम काढून घेतलं आणि प्रयोगशाळेच्या चाव्या तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ओसरीवर गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. ते म्हणाले, “आलात? बसा.” आम्ही पुस्तिकेचं एक पान वाचलं. ते नेहमीसारखेच वाऱ्याच्या खालच्या बाजूला सरकून बसले होते. मी खूप वेळ वाट पाहिली की ते काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्या पदराच्या काठाचा एक सुटलेला धागा लांबूनच पाहिला आणि म्हणाले, चाळीसचं सूत आहे, धुताना पिळू नका.

त्यानंतर ते आठवडाभर आले नाहीत. खोकला वाढला असेल असं सगळे म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात ते गेलेच. मला ते शाळेच्या नोटिशीवरून कळलं, आणि तेव्हाही मला नोटिशीखाली सही कुठं करायची एवढंच दिसत होतं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या आठवड्याच्या शनिवारी सकाळी, बसच्या पुढच्या काचेतून.

त्या दिवशी महिनाअखेर होती आणि माझ्या पिशवीत यादी लिहून तयार होती. तीन नावं माझ्या हस्ताक्षरात. बोर्ली मागं पडली. आमराई संपून वळण आलं आणि वाडीच्या फाट्यावर पाच मुली ओळीत उभ्या दिसल्या, दप्तरं घेऊन, वेणीला फितीसुद्धा. त्यांच्या शेजारी गाणेकर होते. खाकी अर्धा कोट, हातात वही. काम काढून घेतलं होतं तरी ते बसची वेळ लिहायला आले होते. नंतर तारानं सांगितलं की आठवडाभर ते वाडीवरच कुणाच्या तरी पडवीत राहिले होते आणि रोज पहाटे या मुलींना घेऊन खाली उतरत होते. म्हणजे आठवडाभर ते तिथं असणार आणि आठवडाभर मी समुद्राच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत आले असणार.

इब्राहिमनं भोंगा वाजवला. गाणेकरांनी हात केला नाही. मुलींनीही केला नाही, त्यांना त्यांनी सांगून ठेवलं असावं. ते वहीत मान घालून लिहायच्या तयारीत होते, बस थांबेल की जाईल याचा कसलाच अंदाज न धरता, जे होईल ते लिहायला. वारा होता. वहीचं पान उडत होतं, ते त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलं होतं. बसचा वेग कमी झाला नव्हता. मी सीटवरून उठले. मला बसमधे उभं राहिलेलं मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. मी इब्राहिमच्या पाठीमागच्या दांड्याला धरलं आणि वर्गात मला कधी काढता आला नव्हता तेवढ्या आवाजात म्हटलं,

“इब्राहिमभाई, गाडी थांबवा. माझ्या वर्गातल्या मुली आहेत त्या.”